टेस्ट ट्यूब पिवळी झाली का, ते आधी सांग

तू लिहिलं आहेस की एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष आहे, एन्झाइमची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची, रचना आणि त्यांचं काम यावर पीएचडी करायचं मनात आहे. पण कॉलेजातले एक सर म्हणाले, "अल्फाफोल्डने सगळ्या रचना काढून ठेवल्यात, आता त्यात काय उरलंय?" (अल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाची त्रिमिती रचना भाकीत करणारा संगणकाचा प्रोग्राम.) आणि घरी विचारतात की हे करून तू दिवसभर करणार काय. मी तीसेक वर्षं हेच केलं, बरीचशी पुण्यात. आता निवृत्त आहे. माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीच्या वयाची असशील, म्हणून 'तू' म्हणते.

घरच्यांचा प्रश्न आधी घेते, कारण तो सरांच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

मी दिवसभर पिवळा रंग बघायचे. हे शब्दशः खरं आहे. माझं आयुष्य पेनिसिलिन अ‍ॅसायलेज नावाच्या एन्झाइमच्या गोतावळ्यात गेलं. ही एन्झाइम्स पेनिसिलिनची शेपटी छाटतात आणि मागे उरतं ते ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, आमच्या भाषेत सिक्स-एपीए. त्याला नवी शेपटी जोडली की अ‍ॅम्पिसिलिन होतं, अमॉक्सिसिलिन होतं. हीच छाटणी रसायनांनी करायची तर उणे ४० अंशांच्या आसपास थंडी लागते, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी जहाल द्रव्यं लागतात. एन्झाइम ती साध्या पाण्यात, आपल्या अंगाच्या तापमानाला करतं. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होतीच, त्यामुळे या एन्झाइमवर पुण्यात पुष्कळ काम झालं. त्याच हवेत मी शिकले.

सिक्स-एपीए डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठरावीक वेळाने मिश्रणातून थोडं काढायचं, आम्लधर्मी बफरमध्ये टाकून एन्झाइमचं काम तिथेच थांबवायचं आणि पीडीएबी नावाचं द्रव्य घालायचं. ट्यूब पिवळी होते. जितकी पिवळी, तितकं काम झालेलं. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणारं यंत्र, ४१५ नॅनोमीटरला लावून आकडा घ्यायचा. या मोजणीला आम्ही 'असे' (इंग्रजी assay) म्हणतो. ही 'असे' ज्याच्या हातात बसली नाही, त्याच्या रचनेवर मी कधी विश्वास ठेवला नाही, मग ती कितीही भारी नियतकालिकात छापून आलेली असो.

हात बसणं म्हणजे काय, ते दाखवते. एका विद्यार्थ्याने दहा मिनिटांनी एकच नमुना काढला, आकड्याला दहाने भागलं आणि 'वेग' म्हणून वहीत लिहिलं. मी त्याला दर मिनिटाला नमुना काढायला लावलं. आकडे आले ०.११, ०.२२, ०.३२, ०.३७, ०.३९ असे. म्हणजे पहिली तीन मिनिटं आलेख सरळ रेषेत चढतो, मग वाकतो. पेनिसिलिन संपत आलेलं असतं, तयार झालेला माल एन्झाइमलाच अडवायला लागतो, शिवाय आम्ल सुटून पीएच घसरतो. दहा मिनिटांच्या एका आकड्यात या सगळ्याची खिचडी असते. खरा वेग फक्त सुरुवातीच्या सरळ भागात मिळतो. एन्झाइमच्या वेगाचं समीकरण ज्यांच्या नावाने ओळखतात, त्या मिकाएलिस आणि मॉड मेंटन या दोघांनी १९१३ साली सुरुवातीचा वेग मोजण्यावरच भर दिला होता. आपण ते समीकरण परीक्षेला पाठ करतो आणि प्रयोगशाळेत विसरतो.

मोजणीच्या आधीचं काम आणखी कंटाळवाणं. जिवाणू वाढवायचे, त्यांना फोडायचं, त्या चिकट रश्श्यातून हजारो प्रथिनांमधलं आपलं एक वेगळं काढायचं. अमोनियम सल्फेट चिमटीचिमटीने घालत बीकर बर्फावर ठेवून ढवळायचा, घाई केली की फेस येतो आणि प्रथिन मरतं. मग मीठ काढायला रात्रभर डायलिसिस, मग प्रथिनं वेगळी करणारा कॉलम. कोल्ड रूममध्ये चार अंशांना स्वेटर घालून बसायचं, बाहेर एप्रिल. प्रत्येक पायरीला एकूण किती युनिट (एन्झाइमच्या कामाचं माप) उरली आणि प्रति मिलिग्रॅम किती झाली, याचा तक्ता मांडायचा. हा तक्ता म्हणजे आमच्या धंद्याची खतावणी. कुठल्या पायरीला घाटा झाला ते त्यात लगेच दिसतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची, म्हणून गुरुवारी कॉलम लावायचा नाही हा आमच्याकडचा अलिखित नियम. एका दिवाळीच्या सुट्टीत उणे ऐंशीचा फ्रीझर बंद पडला आणि परत आलो तर दोन वर्षांचे नमुने कोमट पाण्यात तरंगत होते. त्या दिवशी डबा कुणी खाल्ला नाही.

आता सरांचा प्रश्न. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगते.

पेनिसिलिन अ‍ॅसायलेजच्या कुळाचं एक वैशिष्ट्य आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी. बहुतेक एन्झाइमचा काम करणारा भाग या साखळीच्या मधल्या कड्यांनी बनतो. या कुळात साखळीचं अगदी पहिलंच अमिनो आम्ल काम करतं. पेनिसिलिनचे जी आणि व्ही असे प्रकार आहेत; जी कापणाऱ्यात ते सेरीन असतं, व्ही कापणाऱ्यात सिस्टीन. गंमत म्हणजे प्रथिन तयार होतं तेव्हा हे अमिनो आम्ल पहिलं नसतंच. त्याच्या पुढे काही कडी असतात, ती छाटली गेल्यावरच ते मोकळं होतं आणि एन्झाइम जागं होतं.

मला हे पाठ होतं. तरी जेव्हा जनुक नव्या प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूत जनुक नेणाऱ्या डीएनएच्या कड्यात) घालायची वेळ आली, तेव्हा मी शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून सहा हिस्टिडिनचा टॅग, म्हणजे निकेलला चिकटणारी सहा अमिनो आम्लांची जोडणी, पुढच्या टोकाला लावला. त्या प्लाझ्मिडमध्ये तो आयता होता, मागच्या टोकाला लावायचा तर पुन्हा क्लोनिंग आलं. प्रथिन असं सुंदर आलं की काय सांगू. निकेलच्या एकाच कॉलममधून जेलवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी दिसतात त्यावर) एकच जाड पट्टी. आधी पंधरा दिवस लागायचे ते एका दुपारी झालं. रचना एक्स-रेने काढायची तर आधी स्फटिक लागतात, म्हणून मी हरखून थेट स्फटिकांचे ट्रे लावले. 'असे' केली नाही, 'नंतर करू' म्हटलं. पट्टी मूळ प्रथिनापेक्षा किंचित वर होती, म्हणजे वजनाने जास्त होती. तेही दिसलं होतं, पण टॅगचं वजन असेल म्हणून सोडून दिलं. टॅगचंच होतं. सगळं तिथेच अडलेलं होतं.

आठ महिन्यांनी स्फटिक आले, सुयांच्या जुडग्यासारखे. त्या आनंदात कुणीतरी सहज विचारलं, "अ‍ॅक्टिव्हिटी किती आहे?" मी ट्यूब लावली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर. पाण्यासारखी स्वच्छ. पिवळेपणाचा मागमूस नाही. पुढची कडी छाटलीच गेली नव्हती, सिस्टीन शेपटीत गुदमरून बसलं होतं. आठ महिने मी मेलेल्या एन्झाइमचे स्फटिक वाढवत होते.

आता तुझ्या सरांना हे विचार. त्या टॅगसकटचा क्रम मी आज अल्फाफोल्डला दिला असता तर? त्याने घडीच्या मुख्य भागाचं चित्र तितक्याच खात्रीच्या निळ्या रंगात (ज्या भागाची खात्री जास्त, तो भाग निळा) दिलं असतं. पहिल्या सिस्टीनच्या जागी अ‍ॅलानिन घातलं तरी चित्रात जवळजवळ फरक पडत नाही. ट्यूबमध्ये मात्र सगळा फरक पडतो.

अल्फाफोल्डला मी नावं ठेवत नाहीये. रचनांचा सार्वजनिक कोश, प्रोटीन डेटा बँक, १९७१ साली सात रचनांनी सुरू झाला आणि पन्नास वर्षांच्या घासाघाशीनंतर दोन लाखांवर गेला. अल्फाफोल्डने २०२२ पर्यंत वीस कोटींहून जास्त प्रथिनांची भाकितं मोकळी केली आणि त्यामागच्या दोघांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच. ज्यांनी पाऱ्याच्या, प्लॅटिनमच्या क्षारात स्फटिक बुडवून, ते तडकताना बघत, महिनोन् महिने एक्स-रेच्या फेजसाठी (चित्र बांधायला लागणाऱ्या, पण थेट मोजता न येणाऱ्या माहितीसाठी) झगडा केलाय, त्यांना विचार. आज भाकिताचा सांगाडा घालून तेच काम बऱ्याचदा एका दुपारी होतं. पण ते यंत्र शिकलं कशावर? त्याच कोशातल्या, हाताने काढलेल्या रचनांवर. आणि त्या रचनांनीही एक गोष्ट कधी आपणहून सांगितली नाही, ती म्हणजे एन्झाइम नेमकं काय करतं आणि कोणत्या क्रमाने.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लायसोझाइमचं आहे. थोडं सविस्तर सांगते, कारण मुलाखतीतही कामाला येईल.

लायसोझाइम फ्लेमिंगला सापडलं, पेनिसिलिनच्याही आधी, १९२१ साली, नाकातल्या शेंबडाने जिवाणू विरघळताना. अंड्याच्या पांढऱ्यातही ते भरपूर असतं. १२९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, आणि मिठाच्या पाण्यातून सहज स्फटिक होतात. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने त्याची रचना काढली. कुठल्याही एन्झाइमची ती पहिली त्रिमिती रचना. मधे एक खाच, खाचेच्या एका काठावर ३५ क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल, समोर ५२ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल. जिवाणूच्या भिंतीतली साखरेची साखळी या खाचेत बसते आणि तुटते.

स्फटिकात त्यांना खाचेत बसलेल्या तीनच साखरा नीट दिसत होत्या. पुढच्या तीन त्यांनी मॉडेल बांधून बसवल्या. तोडणी होते ती याच बसवलेल्या भागात. त्यावरून त्यांनी मांडलं की ३५ नंबर प्रोटॉन देतो, साखळी तुटते, आणि क्षणभर मोकळा धनभारित तुकडा तयार होतो. ५२ नंबर आपल्या ऋणभाराने त्याला दुरूनच सांभाळतो, हात लावत नाही. मांडणी देखणी होती. तीसपस्तीस वर्षं पाठ्यपुस्तकांनी तीच छापली, मीही तीच शिकले, आणि कबूल करते, बरीच वर्षं तीच शिकवली.

वास्तविक कोशलँड यांनी १९५३ सालीच, म्हणजे रचना हाती येण्याच्या बारा वर्षं आधी, निव्वळ रासायनिक तर्कावर सांगितलं होतं की अशा एन्झाइममध्ये एन्झाइम स्वतः साखरेला पकडत असणार, पक्क्या बंधाने, आणि मग सोडत असणार. कुळातल्या इतर एन्झाइममध्ये ते एकामागून एक सिद्धही होत गेलं. लायसोझाइम मात्र मानाचा अपवाद म्हणून राहिलं, कारण त्याचं चित्र होतं ना! २००१ साली कॅनडा आणि इंग्लंडच्या संशोधकांनी ३५ नंबर बदलून एन्झाइम मुद्दाम मंद केलं, फ्लोरिन घातलेली साखर दिली, आणि मधला टप्पा जागच्या जागी पकडला. वस्तुमान मोजलं तर एन्झाइम साखरेच्या वजनाने जड. स्फटिक काढला तर ५२ नंबर साखरेला सरळ चिकटलेला. हात लावत नाही म्हणे! कोशलँड बरोबर होते.

फिलिप्स यांच्या रचनेत एक अणूही चुकीचा नव्हता असं समज, तरी गोष्ट चुकली होती. चित्र सांगतं कोण कुठे उभं आहे. कोणी काय केलं ते कळायला एन्झाइमला मधेच रंगेहाथ धरावं लागतं, आणि त्यासाठी वेग मोजता आला पाहिजे.

दुसरं उदाहरण घरातलं आहे. पेनिसिलिन व्ही कापणाऱ्या एन्झाइमची रचना १९९९ साली एनसीएल (पाषाणची तीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गटाने मिळून काढली. मी त्या गटात नव्हते, पण बातमी आली त्या दिवशी आमच्याकडेही चहा फिरला होता. २००६ साली त्याच मंडळींनी आपल्या आतड्यात राहणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियममधल्या एका एन्झाइमची रचना काढली. ते पेनिसिलिन नाही, पित्तक्षार कापतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीस तर सख्खी भावंडं वाटतात, तीच घडी, तेच पहिलं सिस्टीन. एक पेनिसिलिनकडे वळतं, दुसरं पित्ताकडे. आज जीनोमच्या याद्यांमध्ये शेकडो जनुकांपुढे 'पेनिसिलिन अ‍ॅसायलेज' असं लिहिलेलं असतं, ते केवळ नात्यावरून. त्यातली खरोखर पेनिसिलिन किती कापतात आणि पित्त किती, हे कुणीतरी ट्यूब घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. आणि मुळात जमिनीतल्या जिवाणूला पेनिसिलिन कापून मिळतं काय, हाही प्रश्न आहेच. तुझ्या सरांना 'काय उरलंय' याची यादी हवी असेल तर इथून सुरुवात करता येईल.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. कमला सोहोनी यांचं नाव तू ऐकलं असशील, पण बहुधा 'बंगलोरला रामन यांनी आधी प्रवेश नाकारला' एवढ्याच गोष्टीपुरतं. मला ती गोष्ट सांगून थांबणाऱ्यांचा राग येतो. बाईंनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करून दाखवलं की श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, आणि १९३९ साली पीएचडी मिळवली. पुढे मुंबईला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आपल्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं मोजली. रचना नाही, सिंक्रोट्रॉन (प्रखर एक्स-रे देणारं अवाढव्य यंत्र) नाही. कडधान्याचा अर्क, ट्रिप्सिन आणि नीट लावलेली 'असे'. डाळी शिजवून का खायच्या, याचं एक कारण त्या मोजणीत आहे.

योगायोग बघ, कमलाबाईंचा जन्म इंदूरचा, आणि आज आपल्या देशात प्रथिनांच्या स्फटिकांवर सिंक्रोट्रॉनचा एक्स-रे टाकायचा तर जायचं इंदूरलाच, इंडस-२ वर. आमच्या वेळी थर्मासात द्रवरूप नायट्रोजन आणि त्यात स्फटिक घेऊन परदेशी धावपळ असायची, तीही ज्यांना वेळ मिळायचा त्यांनाच. केसाएवढ्या फासात स्फटिक उचलायचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत गोठवायचा. तो हात यायला वर्ष जातं. स्फटिक मिठाचा निघणं हा तर सगळ्यांच्या वाट्याला येणारा प्रसाद. सुईने टोचून बघायचा: कट्कन आवाज झाला तर मीठ, साबणासारखा चुरा झाला तर प्रथिन. म्हणजे कळायला तो मोडावाच लागतो.

आता पैशांचं. नेट ही राष्ट्रीय परीक्षा पास होऊन जेआरएफ (संशोधनाची सुरुवातीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ च्या सुधारणेनंतर महिना ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ (तिचीच वरची पायरी) झालं की ४२,०००. कागदावर बरे आहेत. पण ते दर महिन्याला हातात पडतीलच असं समजू नकोस, चारपाच महिने अडकलेले मी पाहिलेत. घरी आधीच सांगून ठेव. पीएचडीला पाच-सहा वर्षं धर. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुतेक परदेशात. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि रांग लांब, त्याबाबतीत तुला खोटी आशा दाखवणार नाही. एक आहे, ज्याला प्रथिन शुद्ध करता येतं आणि त्याचं काम नेमकं मोजता येतं, तो रिकामा बसलेला माझ्या पाहण्यात नाही. बायोसिमिलर औषधं (मूळ जैविक औषधांच्या जवळजवळ तंतोतंत आवृत्त्या), डिटर्जंटची एन्झाइम्स, निदानाची किट, सगळीकडे हेच काम लागतं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे तिकडे आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतात. फक्त संगणकावर चित्रं फिरवून आलेल्यांची गोष्ट वेगळी, ती स्पर्धा फार मोठी आहे आणि तुझ्या सरांचा टोमणा त्यांना खरा लागू होतो.

संगणक शिकू नकोस असं नाही. प्रयोग लावण्याआधी अल्फाफोल्डचं मॉडेल उघडून बघ, पहिलं कडं कुठे आहे, टोकं आत वळलीत की बाहेर. मला ती सोय असती तर टॅग कदाचित मागे लावला असता. कदाचितच म्हणते, कारण मला उत्तर माहीत होतंच, घाई होती.

गाइड निवडताना पेपरांची यादी सगळेच बघतात. तू भेटायला जाशील तेव्हा "कोल्ड रूम बघू का?" म्हणून विचार. फ्रीझरमधला एखादा डबा उघडून दाखवायला सांग. ट्यूबवर प्रथिनाचं नाव, तारीख, बफर आणि शेजारी प्रति मिलिग्रॅम युनिटचा आकडा लिहिलेला दिसला तर तिथे अर्ज कर. नुसतं 'एन्झाइम, नवीन' असं लिहिलेलं असेल तर चहा पी आणि पुढची लॅब बघ.